मत खामचं, धान गोठणगावचा

"आज पोरा आये जी. गाडी नाई यायची," अर्जुनी मोरगावच्या स्टँडसमोरचा चहावाला म्हणाला. झाडीपट्टीत पोळ्याचा पोरा होतो हे माहीत असूनही मला कळायला क्षणभर लागला. तारीख होती २ सप्टेंबर २०२४, सोमवार. त्या दिवशी पोळा आहे हे नागपूरहून निघतानाच ठाऊक होतं, पण मी तो दिवस निवडला होता दुसऱ्याच सणासाठी. गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे आणि तिथे दरवर्षी २ सप्टेंबरला लोकशाही दिन असतो.

शेवटी चहावाल्यानंच एका ओळखीच्या माणसाला हाक मारली. तो बैलांसाठी बेगड आणि गोंडे घ्यायला बाजारात आला होता आणि गोठणगावच्याच बाजूला परत चालला होता. "क्याम्पात जाता का? बसा जी ताई." मोटारसायकलच्या हँडलला गोंड्यांची पिशवी, मागे मी, वरून भुरभुर पाऊस. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या तुडुंब भरलेल्या. रोवणी होऊन महिना उलटला होता आणि धान गुडघ्याच्या वर गेला होता. मधूनमधून बोडी, म्हणजे छोटं तळं, तिच्या पाळीवर मोहाची झाडं. हा सगळा मुलूख तलावांचा. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. पाणी कुणाच्या बांधीत आधी सोडायचं हे इथल्या गावांनी पिढ्यान् पिढ्या आपसात ठरवलं. पुढे कोपनहेगनची आठवण येईल, पण स्वतःचा कारभार स्वतः करणं या मातीला नवं नाही हे आधी सांगून ठेवते.

या वसाहतीची ओढ मला लागली ती नागपूरच्या थंडीत. माझ्या लहानपणापासून तिथे दर हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. लाकडी फळ्या, वर ताडपत्री, आणि एक भाव. कॉलेजात असताना मी एका बाईंना विचारलं होतं, "तुम्ही ल्हासाच्या का?" त्या घडी घालता घालता म्हणाल्या, "भंडारा." मला वाटलं, त्यांना माझा प्रश्न कळला नाही. प्रश्न त्यांना नीट कळला होता. उत्तर मला कळायला तीस वर्षं लागली.

वसाहतीचं नाव नोरग्येलिंग. नोर म्हणजे धन, ग्ये म्हणजे वाढणं, लिंग म्हणजे जागा. ती वसली १९७२ साली. महाराष्ट्रात बहात्तर म्हटलं की दुष्काळच आठवतो. त्याच वर्षी राज्याच्या या पूर्व टोकाला, प्रतापगडच्या डोंगराच्या आणि गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या शेजारी, बर्फातून आलेली माणसं धान लावायला शिकत होती. महाराष्ट्रातली ही एकमेव तिबेटी वसाहत. तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. पण धरमशालेतल्या निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या कागदांत ही वसाहत आजही 'भंडारा' याच नावानं ओळखली जाते. ज्यांनी आपल्या देशाचे जुने प्रांत पासष्ट वर्षं तोंडपाठ ठेवले, त्यांनी आपला जुना जिल्हाही सोडला नाही, याचं मला फार वाटलं.

आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावरूनच पताका दिसल्या. निळी, पांढरी, तांबडी, हिरवी, पिवळी, पावसानं चिंब झालेली कापडं सागाच्या झाडांना बांधलेली. बायांनी छुपा, म्हणजे लांब झगा, घातलेला, वर पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन, पांगदेन. मैदानात दोन झेंडे होते, आपला तिरंगा आणि त्यांचा हिमसिंहांचा. दोन्ही राष्ट्रगीतं झाली. मग एकानं कागद वाचायला सुरुवात केली. बराच वेळ वाचला. तिबेटीतलं मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी लोक ज्या तऱ्हेनं ऐकत होते त्यावरून हे औपचारिक भाषण नाही एवढं समजलं. शेजारच्या मुलीनं हळूच सांगितलं, "हे काशागचं निवेदन. आज सगळ्या वसाहतींमध्ये हेच वाचतात." काशाग म्हणजे निर्वासित तिबेटी प्रशासनाचं मंत्रिमंडळ, धरमशालेचं. त्यानंतर संसदेचं निवेदन. कर्नाटकातल्या बैलकुप्प्यात, छत्तीसगडच्या मैनपाटमध्ये, ओडिशातल्या चंद्रगिरीत, आणि इथे धानाच्या बांध्यांमध्ये त्या सकाळी तेच शब्द वाचले जात होते.

हा दिवस का पाळतात ते त्याच मुलीनं मला कार्यक्रम संपल्यावर सांगितलं. ती बंगळुरूला नर्सिंगचं काम करते, मोठी सुट्टी काढून आली होती. मराठी अगदी इथली, 'जी' लावून बोलणारी. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले. पुढच्याच वर्षी, २ सप्टेंबर १९६० ला, निर्वासितांच्या पहिल्या निवडलेल्या प्रतिनिधींनी कामाला सुरुवात केली. ते तेराच होते. तिबेटच्या तीन प्रांतांचे प्रत्येकी तीन आणि चार धर्मपंथांचा एकेक. तेव्हा लोक तंबूत राहत होते, हिमालयात रस्त्यांसाठी खडी फोडत होते, खोकल्यानं आणि उन्हानं मरत होते. अशा वेळी कुणाला निवडणूक सुचते? पण ती सुचली, आणि सुचवली ती ज्यांना हे लोक देव मानतात त्यांनीच. १९६३ च्या संविधानाच्या मसुद्यात तर दलाई लामांचे अधिकार काढून घेण्याचीही तरतूद घातली गेली. लोकांना ती नको होती, दलाई लामांनी आग्रहानं ठेवली. २०११ मध्ये त्यांनी राजकीय अधिकार पूर्णपणे सोडले, आणि प्रशासनाचा प्रमुख तर २००१ पासूनच लोकांनी मतांनी निवडलेला असतो. त्याला सिक्योंग म्हणतात.

लोकशाही दिनाला तिबेटीत मांगत्सो दुचेन म्हणतात. दुचेन म्हणजे सण. आपल्याकडे २६ जानेवारीला सण म्हणतात ते भाषणापुरतं. इथे मला खाब्से, म्हणजे तळलेल्या कुरकुरीत वेण्या, आणि मीठ-लोण्याचा चहा मिळाला, तो सणाचाच होता. विदर्भाच्या दमट पावसाळ्यात लोण्याचा चहा पहिल्या घोटाला जड जातो. दुसऱ्या पेल्याला मी नको म्हटलं नाही.

दुपारी वसाहतीतल्या एका माणसानं मला कारभार समजावून दिला. मी वही काढली तेव्हा त्यानं खुर्ची जवळ ओढली. तिबेटी वसाहतींत अधिकारी असतो तो धरमशालेच्या गृहविभागाचा. त्याच्या खाली गटाचा प्रमुख, ग्यापोन, म्हणजे शंभरांचा म्होरक्या. त्याच्या खाली चुपोन, दहांचा. शेतीच्या वसाहतींना सहकारी संस्था असते. आपसातले दिवाणी तंटे तिबेटी न्यायमंडळ लवादासारखे मिटवतं. फौजदारी मामला मात्र भारतीय पोलीस आणि भारतीय न्यायालयाचा. यांच्या सरकारकडे पोलीस नाही, तुरुंग नाही, सैन्य नाही, आणि जगातल्या एकाही देशाची मान्यता नाही.

"मग लोक ऐकतात कशाला?" मी विचारलं. प्रश्न उद्धट वाटेल अशी भीती होती. त्यानं टेबलाच्या खणातून एक हिरवी पुस्तिका काढली.

तिला ते ग्रीन बुकच म्हणतात. निर्वासित तिबेटी माणूस दरवर्षी आपल्या प्रशासनाला एक ठरलेली रक्कम देतो, तिचं नाव चात्रेल. ही पद्धत सुरू झाली तीही १९७२ मध्ये, वसाहतीच्याच वयाची. भारतात राहणाऱ्यांसाठी ती अगदी लहान आहे, पाश्चात्त्य देशांत गेलेल्यांसाठी मोठी. भरली की ग्रीन बुकात नोंद होते. कुणी भरली नाही तर दाराशी जप्तीवाला येत नाही, यायला कुणी नाहीच. आपल्याकडे गणपतीची वर्गणी असते तशी ही आहे, असं मी म्हणून पाहिलं. त्यानं मान हलवली. "वर्गणीत कुणी जास्त देतो, कुणी कमी. यात रक्कम ठरलेली. हा कर आहे. फक्त आम्ही तो स्वतःहून भरतो." मग पुस्तिकेची पानं उलटत म्हणाला, "आमच्याकडं पासपोर्ट नाही. आम्ही तिबेटी आहोत हे हेच सांगतं." ज्याची चात्रेल भरलेली असेल आणि वय अठरा पूर्ण असेल, त्याला मतदान करता येतं.

मतदानाची गोष्ट मला त्या नर्स मुलीनं सांगितली. त्या गोष्टीसाठीच हा प्रवास झाला असं आता वाटतं.

निर्वासित संसदेत ४५ जागा आहेत. उ-त्सांग, खाम आणि आम्दो या तीन प्रांतांना दहा-दहा. पाच धर्मपंथांना, म्हणजे आधीचे चार आणि बोन यांना, दोन-दोन. उत्तर व दक्षिण अमेरिकेला दोन, युरोपला दोन, आणि ऑस्ट्रेलियासह बाकीच्या आशियाला एक. मी वहीत बेरीज केली, जुळली. मग लक्षात आलं, यात गोंदिया नाही. भंडाराही नाही. महाराष्ट्र नाही, भारतही नाही. सगळ्यात जास्त निर्वासित तिबेटी ज्या देशात राहतात, त्या देशातल्या एकाही गावाला तिथे जागा नाही. इथला मतदार मत देतो तो आपल्या प्रांताच्या जागेसाठी, म्हणजे जिथून आजोबा निघाले त्या मुलखासाठी. "माझं मत खामचं," ती म्हणाली. तिचा जन्म इथला. कॉलेज अर्जुनीचं. खाम तिनं फोटोत पाहिलं आहे, तिच्या वडिलांनीही फोटोतच. तरी २०२१ च्या जानेवारीत पहिल्या फेरीला आणि एप्रिलमध्ये अंतिम फेरीला तिनं खामसाठी मत दिलं होतं. पहिल्या फेरीत लोकच नावं सुचवतात, दुसरीत निवडतात. बोटाला शाई कधी लागलेली नाही अशा कितीतरी शहरी मराठी माणसांना मी ओळखते.

मी बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसले. आपण मत देतो ते रस्ता, नळ, शाळा, वीज यांसाठी. इथे रस्ता आणि वीज महाराष्ट्र शासनाची, आणि मत हजारभर मैलांवरच्या खोऱ्यांसाठी, जिथे या संसदेला एक दगडही हलवता येत नाही. वेड्यासारखं वाटेल कुणाला. मला ते कुलूप लावलेल्या घराची किल्ली दर दिवाळीला घासून ठेवण्यासारखं वाटलं.

काही वर्षांपूर्वी युरोपात फिरताना मी कोपनहेगनमधलं ख्रिस्तियानिया पाहिलं होतं. १९७१ साली, म्हणजे नोरग्येलिंगच्या एक वर्ष आधी, तरुणांनी तिथे एक रिकामी पडलेली लष्करी छावणी ताब्यात घेतली आणि स्वतंत्र शहर असल्याचं जाहीर केलं. त्यांचा स्वतःचा झेंडा आहे, तांबड्यावर तीन पिवळे ठिपके. निर्णय सभेत, आणि तेही मतानं नाही, एकमतानं. आत मोटारी नाहीत. राहणारा प्रत्येक जण सामाईक खजिन्यात दरमहा पैसे भरतो. बाहेर पडताना कमानीवर लिहिलेलं असतं की तुम्ही आता युरोपीय संघात प्रवेश करत आहात. चाळीस वर्षांच्या भांडणानंतर तिथल्या लोकांनी संस्था स्थापून सरकारकडून जमीन विकत घेण्याचा करार केला, आणि २०२४ च्या वसंतात, अमली पदार्थांच्या व्यापारामुळे बदनाम झालेली गल्ली त्यांनी स्वतःच्या हातांनी खणून काढली. त्या धीराबद्दल मला आदर आहे. तिथल्या झाडांखाली मी एक अख्खी दुपार आनंदात घालवली.

पण ख्रिस्तियानियाच्या लोकांच्या पाठीमागे डेन्मार्क आहे. त्या कमानीतून बाहेर पडलं की खिशात डॅनिश पासपोर्ट असतो. नको असलेल्या राज्याकडे पाठ फिरवायची तर आधी राज्य असावं लागतं. नोरग्येलिंगमध्ये कुणी भारताला पाठ दाखवलेली नाही. हे लोक भारताचं नाव हात जोडून घेतात. यांचा कारभार ही ठेव आहे, दुसऱ्या कुणाची सांभाळायला घेतलेली.

आणि ठेव सांभाळायची ती भाड्याच्या जागेत. वसाहतीची जमीन सरकारची, पट्ट्यानं दिलेली. २०१४ मध्ये केंद्र सरकारनं तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं, त्यात वीस वर्षांच्या पट्ट्याची आणि कल्याणकारी योजनांच्या लाभाची तरतूद आहे. माणसांकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, ते मुदतीनं नवं करून घ्यावं लागतं. परदेशी जायला पिवळं ओळखपत्र. कायद्यानं पाहिलं तर २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला कुणीही जन्मानं भारतीय नागरिक आहे; दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या बाबतीत तसा निर्णयही दिला. घरोघरी यावर वेगळं मत आहे. कुणी नागरिकत्व घेतं, कुणी हात लावत नाही. नर्स मुलीचे वडील, वय साठीच्या आतलं, या मुदतीत बसतात. त्यांनी अर्ज केलेला नाही. का, असं मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, चहा ओतला. मी पुन्हा विचारलं नाही.

शेजारची गावं मला इथे आठवत राहिली. गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे पेसा कायदा इथे लागू नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या बळावर मात्र देवरी, अर्जुनी मोरगाव भागातल्या ग्रामसभा सामूहिक वनहक्क मिळवून तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. बाजूच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळवला; 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यानं महाराष्ट्राला आधीच दिली होती. त्या गोंड गावाकडे जंगल होतं, हक्काचा कागद हवा होता. या तिबेटी गावाकडे कागद, नोंदवह्या, निवडणूक, संसद, सगळं आहे, जमीन नाही. एका मोटारसायकलच्या अंतरात ही दोन्ही टोकं आहेत आणि एकमेकांना ती फारशी भेटलेली नाहीत, याची मला हळहळ वाटते.

संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेले. आजी ओसरीवर माळ ओढत बसल्या होत्या. त्यांना सगळे आमा-ला म्हणत होते. 'ला' म्हणजे काय, मी विचारलं. मुलगी म्हणाली, "आपला 'जी' असतो ना, तोच." आजी हसल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ताई-ला." वयाच्या विशीत त्या इथे आल्या. आधी रस्त्याच्या कामावर होत्या. पहिल्या उन्हाळ्यात रात्री लुगडं ओलं करून अंगावर घेत, असं त्यांनी सांगितलं. चिखलात उतरायला भीती वाटे, कारण त्यांच्या गावी जमीन कोरडी असे. धान रोवायला शिकवलं शेजारच्या गावातल्या बायांनी. त्यातल्या एकीचं नाव त्यांनी घेतलं आणि पुन्हा एकदा घेतलं.

घरात कोपऱ्यात स्वेटरची रिकामी पोती घडी करून ठेवली होती. ऑक्टोबरात कुटुंब बाहेर पडतं. लुधियानाचे व्यापारी माल उधार देतात, हंगाम संपल्यावर पैसे चुकते होतात. दोन पिढ्या हा व्यवहार विश्वासावर चालतो. नेमकी तेव्हाच धानाची कापणी असते, म्हणून बांधी ठेक्यानं दिलेली. आणि तरुण पोरं हळूहळू बंगळुरू, दिल्ली आणि त्याच्याही पुढे.

त्याच्याही पुढे म्हणजे कुठे, हे चहाबरोबर निघालं. मुलीची मैत्रीण पॅरिसला गेली आहे. हिलाही बोलावते आहे, कागद तयार होत आहेत. आईचा होकार आहे. वडील बराच वेळ गप्प होते. मग मला समजावून सांगावं तसं म्हणाले, "ताई, ही युरोपला गेली की हिचं मत युरोपला जाईल. दोन जागा आहेत ना त्यांना. मग खामचं एक मत कमी होईल." मुलगी म्हणाली, "पप्पा, चात्रेल तर जास्त भरीन मी तिथून." वडील म्हणाले, "चात्रेल भरशील. मत?" तिला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. आमा-लांची माळ चालू होती.

तेवढ्यात फाटकाशी घुंगरं वाजली. सकाळचाच माणूस, मला आणणारा. यांची बांधी ठेक्यानं करतो तो हाच, हे मला तेव्हा कळलं. गावात पोळ्याचं तोरण तुटलं होतं आणि तो बैलजोडी घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला आला होता. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, सकाळी माझ्या पुढ्यात हँडलला लटकलेले गोंडे आता बैलांच्या कपाळावर. मुलगी आत जाऊन ताट घेऊन आली, कुंकू होतं, दिवा होता, पुरणपोळीच्या जागी खाब्से. आमा-ला भिंतीला धरून उठल्या. बैलांच्या पायांवर पाणी त्यांनीच घातलं.

"कापणीला तुमी राहाल का जी औंदा?" त्यानं वडिलांना विचारलं.

वडील म्हणाले, "मी जाईन दुकानावर. ही आहे."

मुलीनं ताट खाली ठेवलं नाही. "डिसेंबरपर्यंत आहे," ती म्हणाली. त्यानं मान डोलावली, बोजारा खिशात घातला आणि मला विचारलं, "ताई, सोडून देऊ का स्टँडावर? बैल बांधून येतो."